घरी मिळत नाही, परदेशात विकते : निर्यातीच्या मोटारसायकलींपासून व्यापाऱ्याने घ्यायचा धडा

मालेगावात आमच्या भाच्याचे मोटारसायकल दुरुस्तीचे गॅरेज आहे. मागे एकदा आफ्रिकेतील कंपाला शहरात नोकरी करणारे एक ओळखीचे गृहस्थ सुट्टीवर घरी आले होते. भावाच्या गाडीची क्लचची केबल बदलायला ते गॅरेजवर आले, बाकावर बसले, आणि समोरची रांग पाहून म्हणाले, "एवढ्या गाड्या उभ्या आहेत, यात बॉक्सर दीडशे एकही कशी नाही? तिकडे तर जिकडे पाहावे तिकडे तीच."

भाच्याला वाटले, ते थट्टा करीत आहेत. बॉक्सर म्हणजे त्याच्या लहानपणची गाडी. आता कधीतरी एखादी जुनी दुरुस्तीला येते तेवढीच. पण त्या गृहस्थांनी मोबाईलमधील फोटो दाखवले. नवीकोरी बॉक्सर, तीही एक नाही, चौकात पन्नास-साठ एका रांगेत. संध्याकाळी भाचा आमच्या दुकानी आला. म्हणाला, "मामू, ही गाडी आपल्या महाराष्ट्रात बनते, विकली जाते आफ्रिकेत, आणि आपल्याला मात्र मिळत नाही. हा काय प्रकार आहे? मागवता येईल का?"

आम्ही कापडाचे व्यापारी. इंजिनातले आम्हाला फारसे कळत नाही. पण एक माल एका बाजारात पडून राहतो आणि दुसऱ्या बाजारात हातोहात जातो, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. म्हणून या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला. त्यात जे हाती लागले ते आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

बॉक्सर गेली कुठे?

बजाज कंपनीने जपानच्या कावासाकीच्या साहाय्याने शंभर सीसीच्या चार-स्ट्रोक गाड्या काढल्या, त्यांपैकी बॉक्सर ही एक. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती बाजारात आली. स्वस्त, साधी, खेड्यापाड्यात चालणारी गाडी होती. २००४ मध्ये कंपनीची सीटी १०० आली आणि बॉक्सर हे नाव देशातील शोरूममधून गेले.

मात्र कारखान्यातून ते गेले नाही. परदेशासाठी बॉक्सर बनत राहिली. शंभर सीसीची झाली, दीडशे सीसीची झाली, आणि आफ्रिका खंडातील अनेक देशांत तिने पाय रोवले. नायजेरिया, युगांडा, केनिया, काँगो इथल्या रस्त्यांवर ती सर्रास दिसते. मराठवाड्यातील वाळूज येथे बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. कंपनीच्या एकूण मालातील परदेशी जाणारा हिस्सा किती मोठा आहे पाहा : २०२१-२२ या एका वर्षात कंपनीने दुचाकी आणि तीनचाकी मिळून २५ लाखांहून अधिक गाड्या निर्यात केल्या. त्या वर्षी देशात विकलेल्या गाड्यांपेक्षा परदेशी गेलेल्या गाड्या जास्त होत्या.

ही एकट्या बजाजची गोष्ट नाही. तमिळनाडूतील होसूरच्या टीव्हीएस कंपनीने २०१३ मध्ये एचएलएक्स नावाची मोटारसायकल काढली, ती आफ्रिकेच्या बाजारासाठीच. आपल्या गावातील टीव्हीएसच्या शोरूममध्ये ती मागाल तर दुकानदार तुमच्याकडे पाहत राहील.

तिकडचे गिऱ्हाईक कोण?

माल समजून घ्यायचा तर आधी गिऱ्हाईक समजून घ्यावे लागते. आपल्याकडे मोटारसायकल घेणारा माणूस ती स्वतःसाठी घेतो. कामावर जाणे, मुलांना शाळेत सोडणे, सासुरवाडीला जाऊन येणे. आफ्रिकेत या गाड्या घेणारा बहुतेक वेळा भाड्याने चालवणारा असतो. आपल्याकडे जशी रिक्षा, तशी तिकडे मोटारसायकल.

पूर्व आफ्रिकेत या धंद्याला बोडाबोडा म्हणतात. केनिया आणि युगांडाच्या सीमेवर बुसिया हे गाव आहे. तिथे दोन्ही देशांच्या चौक्यांमधील अंतर तोडण्यासाठी सायकलवाले प्रवाशांना मागे बसवून नेत आणि 'बॉर्डर, बॉर्डर' अशी हाक देत. त्याचेच बोडाबोडा झाले. पुढे सायकलची जागा मोटारसायकलने घेतली. नायजेरियात याच धंद्याला ओकाडा म्हणतात. तिथे ओकाडा एअर नावाची विमान कंपनी होती. लोकांनी गमतीने भाड्याच्या मोटारसायकलला तिचे नाव दिले. विमान कंपनी बंद पडली, नाव राहिले. आणि टांझानियात तीनचाकी रिक्षाला चक्क 'बजाजी' म्हणतात. आपल्या पुण्याच्या कंपनीचे नाव त्यांच्या भाषेतला शब्द होऊन बसले.

आता हिशोब करून पाहा. समजा आपल्याकडचा माणूस दिवसाला वीस किलोमीटर गाडी चालवतो. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर सहा हजार किलोमीटर झाले. भाड्याने चालवणारा दिवसाला शंभर किलोमीटर चालवतो असे धरा. त्याचे वर्षाचे तीस हजार झाले. म्हणजे आपली गाडी पाच वर्षांत जेवढी झिजते तेवढी त्याची एका वर्षात झिजते. त्यात मागे दोन माणसे, कधी केळीचा घड, कधी कोळशाचे पोते, आणि रस्ता मातीचा.

असा माणूस गाडीत काय पाहील? लांब आणि रुंद सीट, पोलादी कॅरियर, ओझे पेलणारे मागचे शॉकअप, खड्ड्यात न अडकणारी उंची, दोन सवाऱ्या घेऊन चढ चढणारे इंजिन. बंद पडली तर झाडाखाली बसलेला मेकॅनिकही उघडू शकेल असा साधा कार्बोरेटर. बॅटरी उतरली तर किक. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला पाहिजे. कारण गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवशी घरात पैसा येत नाही.

पूर्वी या देशांत होंडा, यामाहा या जपानी गाड्यांचा दबदबा होता. त्या टिकाऊ, पण महाग. नंतर चिनी गाड्या आल्या. त्या स्वस्त, पण टिकण्याच्या बाबतीत लोकांचे समाधान होईना. या दोहोंच्या मधली जागा मोकळी होती : किंमत बेताची आणि गाडी टिकाऊ. आपल्या देशातील कंपन्यांनी ती जागा ओळखली.

घरी का चालली नाही?

आता भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर. बॉक्सर दीडशे आपल्याकडे कधी आलीच नाही असे नाही. २०११ मध्ये बजाजने बॉक्सर बीएम १५० देशात विकायला काढली. कंपनीने खेड्यातील गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवले होते. रस्ते खराब, ओझी वाहायची, मग ही गाडी इथेही चालेल, असा विचार दिसतो. गाडी तीच, कारखाना तोच, कंपनीचे नाव घरोघरी माहीत. तरीही ती चालली नाही आणि काही काळाने बंद झाली.

आमच्या मते कारण सरळ आहे. आपल्याकडे शंभर सीसीची गाडी घेणारा पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती?" दीडशे सीसीची घेणारा तरुण विचारतो, "दिसते कशी?" बॉक्सर दीडशे दोघांच्याही पसंतीला उतरेना. पहिल्याला ती जास्त पेट्रोल पिणारी वाटली, दुसऱ्याला वडिलांची गाडी वाटली. आणि ज्या कामासाठी ती तिकडे घेतात, ते भाड्याचे काम आपल्या गावात रिक्षा आणि काळीपिवळी जीप करीत होत्या. गिऱ्हाईक बदलले की तोच माल दुसरा माल होतो.

कायद्याची भिंत

उरलेले अर्धे उत्तर कायद्यात आहे. आपल्या देशात गाडीच्या धुरासाठी भारत स्टेज नावाचे नियम आहेत. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले. बीएस-६ आल्यावर साध्या कार्बोरेटरचे दिवस बहुतेक संपले आणि मोजून पेट्रोल सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. एप्रिल २०१९ पासून ब्रेकचेही नियम कडक झाले : १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, त्याखालच्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. यामुळे गाड्या सुरक्षित झाल्या, हवेला बरे झाले, पण किंमत वाढली आणि दुरुस्ती अवघड झाली. ज्या देशांत हे नियम नाहीत तिथे जुन्या पद्धतीची साधी गाडी अजून विकता येते. ती बनवणारा कारखाना इथेच असला तरी ती इथे विकता येत नाही.

म्हणून भाच्याला आम्ही पहिलीच गोष्ट स्पष्ट सांगितली : "मागवायच्या भानगडीत पडू नकोस." आपल्याकडे कोणतीही गाडी विक्रीला येण्यापूर्वी तिच्या नमुन्याची तपासणी होते. पुण्याची एआरएआय ही अशी तपासणी करणारी एक संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये ही अट आहे. मंजुरी नसलेल्या गाडीची आरटीओमध्ये नोंदणी होत नाही. कोणी "एक्सपोर्टचा माल आहे, कागद नंतर करून देतो" असे म्हणत असेल तर त्याच्या दुकानातून चहा पिऊन परत यावे.

घरात जुनी, परदेशात शौकाची

आतापर्यंत गरजेच्या गाडीचे पाहिले. पण कधीकधी घरी जुना झालेला माल परदेशात शौकाने घेतला जातो.

कानपूरची एलएमएल कंपनी आमच्या वयाच्या लोकांना चांगली आठवते. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार करून १९८० च्या दशकात तिने व्हेस्पा स्कूटर बनवायला सुरुवात केली. पत्र्याची बॉडी, हातातील गिअर, बाजूला स्टेपनी. १९९९ मध्ये तो करार संपला. इकडे आपल्या लोकांना आधी मोटारसायकलचे, मग बिनगिअरच्या स्कूटरचे वेड लागले. गिअरच्या स्कूटरला घरी कोणी विचारेना. बजाजनेही २००९ मध्ये स्कूटर बनवणे थांबवायचे ठरवले होते. पण युरोप-अमेरिकेत जुन्या घडणीच्या स्कूटरचे शौकीन होते. एलएमएलची स्कूटर अमेरिकेत स्टेला या नावाने २००३ पासून विकली गेली. युरोपात, व्हेस्पाच्या खुद्द माहेरी इटलीतसुद्धा, ती स्टार नावाने गेली. जी स्कूटर कानपूरच्या माणसाला नको होती, ती मिलानच्या माणसाला हवी होती.

पण कंपनी वाचली नाही. २००६ मध्ये कारखाना बंद पडला, २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि अखेर २०१८ मध्ये कंपनी मोडीत निघाली. शौकाचे गिऱ्हाईक चांगला भाव देते, पण त्याची संख्या थोडी असते. मोठा कारखाना केवळ त्याच्या भरवशावर चालत नाही. लहान कारागीर मात्र चालू शकतो. हा फरक आपल्या हातमागवाल्यांनी आणि नक्षीकाम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा.

दुसरे उदाहरण होंडाच्या नावी या छोट्या गाडीचे. २०१६ मध्ये ती आपल्याकडे निघाली. इंजिन ॲक्टिव्हाचे, रूप मोटारसायकलचे, दिल्लीतील किंमत त्या वेळी चाळीस हजारांच्या आत. तिच्या नावाच्या इंग्रजी अक्षरांमध्ये इंडियाचे आय आहे. आपल्या लोकांनी तिला खेळणे समजून सोडून दिले आणि २०२० च्या सुमारास ती इथून गेली. पुढे मेक्सिकोत बनलेली हीच गाडी २०२२ चे मॉडेल म्हणून अमेरिकेत १,८०७ डॉलरला निघाली. तिथे ती नव्या शिकाऊ माणसाची स्वस्त गाडी म्हणून चालली. नावात भारत, आणि भारतात मिळत नाही.

कापडाचा जुना दाखला आणि आमची चूक

कापडवाल्यांना ही गोष्ट नवी वाटू नये. आंध्र आणि तमिळनाडूच्या हातमागांवर 'रिअल मद्रास हँडकर्चिफ' नावाचे चौकटीचे कापड पिढ्यान् पिढ्या विणले गेले. नाव रुमालाचे, पण ते अंगावर नेसण्याचे कापड. त्याचे गिऱ्हाईक पश्चिम आफ्रिकेत. नायजेरियाच्या नदीमुखाजवळ राहणारे कालाबारी लोक त्याला इंजिरी म्हणतात आणि जन्म, लग्न, मयत अशा प्रसंगी वापरतात. त्यांच्या स्त्रिया त्यातील ठरावीक धागे कापून काढून नवीच नक्षी तयार करतात. विणणारा विणकर ते कापड स्वतःच्या घरात वापरत नसे. त्याला फक्त एवढे ठाऊक होते की चौकट एका धाग्यानेही चुकता कामा नये.

आणि आता आमची चूक. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्याकडे सहा हजार लुंग्यांचा एक लॉट पडून होता. चौकट मोठी, रंग भडक, नारिंगी आणि हिरवा. धुळे, जळगाव, नांदेड, कुठेच उचल होईना. गोदामाचे भाडे चालू, सुताच्या व्यापाऱ्याची उधारी डोक्यावर. मुंबईचा एक दलाल आला आणि त्याने लागतीपेक्षा नगामागे बारा रुपये कमी देऊन सगळा माल उचलला. बहात्तर हजारांचा तोटा आम्ही सोसला आणि वर त्याचे आभार मानले. चार लूम थांबवले, दोन कारागिरांना घरी बसवले.

दहा महिन्यांनी तोच दलाल परत आला. तीच लुंगी, तीच चौकट, तेच रंग, या वेळी वीस हजार नग, भावही चांगला. माल मोंबासाला गेला होता आणि एका हंगामात संपला होता. पण त्या चौकटीचा ताण्या-बाण्याचा हिशोब ज्या कारागिराच्या डोक्यात होता, तो तोवर भिवंडीला निघून गेला होता. आम्ही तो हिशोब कागदावर उतरवून ठेवला नव्हता. नमुन्याची एक लुंगीसुद्धा शिल्लक ठेवली नव्हती. निरोप पाठवला, तो आला नाही. का यावे त्याने? कठीण दिवसांत आम्हीच त्याला घरी बसवले होते. ती ऑर्डर दुसऱ्या गावाला गेली.

दलालाचा यात काही दोष नाही. त्याने बाजार पाहिला होता, आम्ही पाहिला नव्हता. बहात्तर हजारांचे दुःख केव्हाच संपले. त्या कारागिराचे मात्र अजून आहे.

परदेशी बाजाराचा दगाफटका

एवढे वाचून कोणी उद्याच घर गहाण टाकून निर्यातीला निघेल, म्हणून दुसरी बाजूही सांगणे आवश्यक आहे.

नायजेरिया हा बजाजच्या मोटारसायकलींचा मोठा बाजार. तिथे दोन संकटे आली. एक सरकारी : लागोस राज्याने फेब्रुवारी २०२० मध्ये शहराच्या मोठ्या भागात भाड्याच्या मोटारसायकलींना बंदी केली आणि जून २०२२ मध्ये ती आणखी कडक केली. अपघात आणि गुन्हे ही कारणे दिली गेली. दुसरे संकट चलनाचे. जून २०२३ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने नायरा या चलनाचा दर बाजारावर सोडला. त्याआधी एका डॉलरला सुमारे ४६० नायरा पडत. २०२४ च्या सुरुवातीला दर दीड हजारांच्या आसपास गेला.

याचा अर्थ काय? समजा एका गाडीची किंमत हजार डॉलर आहे. पूर्वी तिकडच्या गिऱ्हाइकाला ती ४ लाख ६० हजार नायराला पडत होती. २०२४ च्या त्या दराने तीच १५ लाखांना पडू लागली. कारखान्याने एक पैसा वाढवला नाही, तरी गिऱ्हाइकासाठी भाव तिपटीहून जास्त झाला. त्याचे भाडे मात्र तिप्पट झाले नाही. बजाजची एकूण निर्यात २०२१-२२ मध्ये २५ लाखांवर होती, ती २०२३-२४ मध्ये १६ लाखांच्या आसपास आली. यामागे नायजेरियाचे हे दुखणे मोठे होते.

कंपनी बुडाली नाही, कारण तिचे सगळे पैसे एका बाजारात नव्हते. घरचा बाजार होता, मेक्सिको-कोलंबियासारखे देश होते. २०२४ मध्ये तिने ब्राझीलमधील मानाउस येथे कारखानाही सुरू केला. आपल्यासारख्या लहान माणसाकडे असा दुसरा पाय नसतो. म्हणून त्याने पहिले पाऊलच जपून टाकावे.

शिवाय काळ बदलतो आहे. रवांडाची राजधानी किगाली येथे २०२५ पासून भाड्याच्या धंद्यासाठी नव्या पेट्रोल मोटारसायकलींची नोंदणी बंद करून विजेच्या गाड्यांकडे वळण्याचे धोरण घेतले गेले. आज जी साधी गाडी तिकडे चालते, ती कायम चालेल असे समजू नये.

न्नेवीचे उस्ताद आणि शागीर्द

आपल्या कारागीर बांधवांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नायजेरियात न्नेवी नावाचे गाव आहे. मोटारसायकलच्या सुट्या भागांचा तिथला बाजार त्या देशात प्रसिद्ध आहे. तिथल्या इग्बो लोकांत अशी रीत आहे की मुलगा काही वर्षे उस्तादाकडे राहून धंदा शिकतो आणि मुदत संपली की उस्ताद त्याला भांडवल देऊन स्वतंत्र दुकान लावून देतो. त्यामुळे एका दुकानाची दहा दुकाने झाली.

याच बाजारातून इनोसंट चुक्वुमा नावाचे व्यापारी पुढे आले. ते बाहेरून मोटारसायकली मागवत. त्यांच्या लक्षात आले की अख्ख्या गाड्या आणल्या तर कंटेनरमध्ये फार थोड्या मावतात. सुट्या करून आणल्या तर कितीतरी जास्त मावतात. भाडे वाचते आणि जोडण्याचे काम गावातल्या मुलांना मिळते. त्यांच्या इनोसन कंपनीचा मोटारी बनवण्याचा कारखाना २०१० मध्ये न्नेवीतच सुरू झाला. सुरुवात सुट्या भागांच्या दुकानापासून झाली होती.

मग करायचे काय?

आता सार. आपले दुकान कापडाचे असो, कुलपांचे असो वा सीट-कव्हरचे असो, या गोष्टी सगळ्यांनाच लागू आहेत.

एक : पडून राहिलेल्या मालाला लगेच मेलेला माल म्हणू नका. कोणाच्या कामाला येईल ते आधी विचारा. नोकरीनिमित्त आखातात, आफ्रिकेत राहणारे नातेवाईक आपल्यापैकी अनेकांचे आहेत. त्यांच्याकडून घड्याळ आणि अत्तर मागवतो. त्याऐवजी तिथल्या बाजारातील मालाचे फोटो, माप आणि भाव मागवा.

दोन : प्रत्येक मालाचा एक नमुना आणि त्याचा पूर्ण हिशोब कागदावर ठेवा. आम्ही ठेवला नाही, त्याचे फळ वर सांगितले आहे.

तीन : परदेशी माल पाठवायचा तर कागदपत्रे चोख हवीत. निर्यातीसाठी केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडून आयईसी हा नंबर घ्यावा लागतो. तो घेणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. समोरच्याची ओळख नसेल तर आगाऊ रक्कम किंवा बँकेचे पतपत्र घेतल्याशिवाय माल हलवू नका. पैसे बुडण्याच्या धोक्यासाठी ईसीजीसी ही सरकारी विमा कंपनी १९५७ पासून काम करते. तिची चौकशी करा.

चार : एकाच देशावर, एकाच दलालावर सगळा डाव लावू नका. पहिल्या खेपेला तेवढाच माल पाठवा, जेवढा बुडाला तरी घरची चूल पेटती राहील.

पाच : सुटे भाग बनवणाऱ्यांनी दुसऱ्या कंपनीचे नाव आपल्या मालावर ठोकू नये. कायद्याने तो गुन्हा आहेच. शिवाय भाड्याच्या गाडीचा ब्रेक ऐन उतारावर गेला तर मागे बसलेल्या अनोळखी माणसाचा जीव जातो. माल आपल्या नावाने विका. नाव लहान असले तरी चालेल.

सहा : कारागिराला कठीण दिवसांत धरून ठेवा. बाजार परत येतो, गेलेला कारागीर परत येईलच असे नाही.

भाच्याने हे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "मामू, म्हणजे गाडी मागवायची नाही, हे कळले. पण ते गृहस्थ सांगत होते की तिकडे कॅरियर फार मोडतात. जोड तुटतो." आम्ही म्हटले, "मग त्यांच्याकडून मोडलेल्या कॅरियरचे माप आणि फोटो मागव." त्याच्या गॅरेजला लागूनच वेल्डिंगचे दुकान आहे. दोघांनी मिळून जाड पाइपचे, जोडाला पट्टी मारलेले चार कॅरियर बनवले. ते गृहस्थ परत जाताना दोन सामानात घेऊन गेले. उरलेल्या दोनांपैकी एक गॅरेजच्या भिंतीला टांगला आहे, आणि त्याखाली वहीच्या कागदावर माप, पाइपची जाडी आणि खर्च लिहून चिकटवला आहे.

कंपालाहून अजून ऑर्डर आलेली नाही. कदाचित येणारही नाही. पण तो कागद भिंतीवर आहे, आणि वेल्डिंगवाल्या मुलाचे नावही त्यावर लिहिलेले आहे.